फडक्यातल्या कडा

नागुबाईचं बी पिंपात नाही हे कळलं, तो दिवस पेरणीचा होता.

भाड्यानं बैलं जुंपणारा बजरंग सकाळीच बैलं आणि तिफण घेऊन रानात पुढं गेला होता. रानात ओल होती. मूठभर माती दाबली की लाडू वळत होता. पण हस्ताचा पाऊस उघडल्यापासून ऊन असं तापलं होतं की ही ओल चार दिवस तरी टिकेल याचा भरवसा नव्हता. म्हणून ज्ञानोबानं चहा अर्धाच घेतला आणि आतल्या खोलीतल्या पत्र्याच्या पिंपाचं झाकण काढलं.

हे झाकण त्यानं आजवर कधी काढलं नव्हतं. ते काम बायकोचं, नागुबाईचं. पेरणीच्या सकाळी ती बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीपुढं मेणबत्ती लावायची, पदर खोचायची, पिंपातलं बी काढून ओटीत घ्यायची आणि रानाची वाट धरायची. तिफणीमागं चालत चाड्यावर मूठ तीच धरायची. बी मुठीतून असं सोडायची की उगवल्यावर ओळ कुठं दाट नाही, कुठं विरळ नाही.

वरचा लिंबाचा वाळका पाला ज्ञानोबानं बाजूला केला. हात आत घातला. कोपरापर्यंत गेला, मग खांद्यापर्यंत गेला. बोटांना राख लागली. राखेखाली पत्रा लागला.

त्यानं पिंप आडवं केलं. चार दाणे घरंगळत आले, बाकी राख.

नागुबाई वैशाखात गेली. तेव्हा त्याला वाटलं होतं, जायचं ते सगळं गेलं. आज कळलं की थोडं राहिलं होतं, आणि आता तेही गेलं.

"लुंबिनी!" त्यानं हाक मारली.

सून पिठाच्या हातानं दारात आली. रानात न्यायच्या भाकरी चालल्या होत्या. "काय मामा?"

"ह्यातलं बी कुठं हाय?"

"ह्यातच असंल की." तिनं आडवं पिंप बघितलं आणि दोन पावलं मागं सरली. "मी त्याला हात लावलेला न्हाई. आत्याबाईंनी कवा लावू दिला?"

ते खरं होतं. लुंबिनीला किनवटहून कंधारजवळच्या या गावात, या घरात आणून बरीच वर्षं झाली, तिचा नवरा सत्यम नांदेडला एका दुकानात कामाला लागला, ती इथं सासू-सासऱ्यापाशी राहिली, सगळं घर तिच्या हातावर आलं. पण पिंप तिच्या हातात आलं नाही. नागुबाईनं ते सुनेला दाखवलं नाही, नवऱ्याला दाखवलं नाही. दाखवलं ते एकालाच.

तो एक आता डोळे चोळत ओसरीवरून आत येत होता. आनंदराज, ज्ञानोबाचा धाकटा भाऊ. लातूरच्या ज्वारी संशोधन केंद्रावर नोकरीला. कालच सांजच्याला बायकोला घेऊन आला होता. दर पेरणीला यायचाच.

ज्ञानोबा जमिनीवरून उठला नाही. खालूनच म्हणाला, "तू नेलंस."

"काय नेलं?"

"बी. तुझ्या केंद्रावर नेलंस. मला सांगायला तुझी जीभ झडली व्हती का?"

"दादा, काय बोलून राहिले तुम्ही? सकाळी सकाळी भावाला चोर करता का?"

"मग कुणाला करू? ह्या पिंपात काय हाय, हे जगात दोघांना म्हाईत व्हतं. त्यातली एक मेली."

आनंदराजनं पिंप उचलून उजेडाकडं तोंड केलं. आत बघितलं. मग हळूच खाली ठेवलं, आणि त्याचा चेहरा असा झाला की ज्ञानोबाला, राग असूनही, कळलं की यानं नेलेलं नाही. पण राग कमी झाला नाही. उलट वाढला. कारण बी गेल्याचं दुःख भावाला आपल्यापेक्षा जास्त झालेलं दिसत होतं, आणि ते त्याला सहन होईना.

हे दुखणं जुनं होतं. घरची ज्वारी दगडी. दाणा टणक, कडबा गोड, पाण्यावाचून तग धरणारी, पण कणीस लहान. आनंदराजनं केंद्रावर त्या दगडीचा आणि टपोऱ्या कणसाच्या एका वाणाचा संकर केला आणि त्याचं बी वहिनीला आणून दिलं. म्हणाला, ह्यातून वेगवेगळी झाडं निघतील, चांगली तेवढी निवडा, वर्षावर्षाला निवडत जा. तेव्हापासून टेकाडामागची पट्टी नागुबाईची झाली. तिथं दुसऱ्याच्या ज्वारीचा पराग वाऱ्यानं येत नव्हता. तरीही कणीस पोटरीतून बाहेर पडलं की दीर-भावजय त्यावर कागदी पिशव्या चढवायचे. गाव हसायचं. बजरंगनं नाव पाडलं, 'टोपीवाली ज्वारी'. नागुबाईही हसायची. एका कणसावर दोघं वाकून, दाणा दाताखाली फोडून, काहीबाही बोलत असायचे, आणि बांधावरून ज्ञानोबा बघायचा. जवळ गेला की बोलणं थांबायचं. निदान त्याला तरी तसं वाटायचं.

वाईट संशय नव्हता. तसला माणूस तो नव्हता, आणि नागुबाईला तो ओळखून होता. पण ती आपल्याशी मिठामिरचीचं बोलायची आणि त्याच्याशी ज्वारीचं, हे त्याच्या पोटात डाचायचं. आणि त्यावर नांदेडच्या दवाखान्यातली ती दुपार. ती खाटेवर, आवाज पार बसलेला. म्हणाली, "तुम्ही जरा च्या पिऊन या." तो गेला. परत आला तेव्हा आनंदराज तिच्या तोंडाशी कान नेऊन ऐकत होता, आणि मान हलवत होता. त्यानंतर ती फार बोललीच नाही. शेवटचं धड बोलणं तिचं धाकट्या दिराशी झालं. नवरा तेव्हा टपरीवर.

"उंदरांनी खाल्लं म्हणावं तर पत्र्याचं पिंप," आनंदराज म्हणाला. "झाकण बसलेलं व्हतं?"

"गच्च."

"मग माणसानंच काढलं."

लुंबिनी अजून दारातच होती. तिनं पदरानं हात पुसले, परत पुसले. "मामा, एक सांगू का? आत्याबाईंच्या जलदानाच्या दिवशी मी चाळणी धुतली, तर तिच्यातून राख निघाली."

"कसली राख?"

"मला तवा कळलं न्हाई. पंगत बसली व्हती, पीठ सरलं. मी चुलीम्होरं थापत व्हते. काकू म्हणाल्या, ज्वारी गावली, मी गिरणीवर जाऊन येते. त्यांनीच आणलं पीठ." मग घाईनं म्हणाली, "मी नाव घेत न्हाई कुणाचं. चाळणीचं सांगितलं फक्त."

काकू म्हणजे महामाया, आनंदराजची बायको. ती ओसरीवर शेंगा सोलत बसली होती. भिंत मध्ये, पण तिनं सगळं ऐकलं होतं. कुणी हाक मारायच्या आधीच सूप बाजूला ठेवून ती आत आली.

"हाव," ती म्हणाली. "मीच काढली. मीच दळून आणली."

ज्ञानोबा तिच्याकडं वळला.

"महामाया," ज्ञानोबा म्हणाला, "राख लावलेली ज्वारी खायाची नसती. ती बियाची असती. तुझ्या माहेरी, जळकोटात शेंबड्या पोराला हे कळतं. तुला कळलं न्हाई?"

"दारात माणसं पत्रावळीवर बसलेली व्हती, भाऊजी. भंतेजी उठायच्या तयारीत. पीठ न्हाई. तुम्ही भिताडाला टेकून बसलेले, तुम्हाला इचारावं तर तुम्ही ह्या जगात नव्हता. लुंबिनी नवी न्हाई, पण घाबरलेली. कुणीतरी करायला पाह्यजे व्हतं. मी केलं."

"मी ते इचारलं न्हाई. तुला म्हाईत व्हतं का?"

महामायानं नवऱ्याकडं बघितलं. "म्हाईत व्हतं का न्हाई, ते मला इचारू नका. मी सोताला इचारलं न्हाई."

"म्हंजे व्हतं," आनंदराज म्हणाला.

"तुम्ही तर बोलूच नका!" ती त्याच्यावर उलटली. "माझी सख्खी माय गेली तवा तुमच्या डोळ्यातनं टिपूस आलं न्हाई. म्हणाले, वय झालं व्हतं. आणि वहिनीसाठी इथं अंगणात लेकरागत हुंदके देऊन राहिले व्हते, बाया माझ्या तोंडाकडं बघत व्हत्या. दिवाळी आली की कंधार. सुट्टी आली की कंधार. एक साल लग्नाचा वाढदिवस कणसाला टोप्या घालण्यात गेला. मी म्हणलं मलाबी घेऊन चला रानात, तर म्हणाले, तू पाय ठेवशील तिथं रोप मोडंल! माझ्या पायानं मोडतं, वहिनीच्या पायानं मोडत न्हाई!"

"अगं, ते रोपाचं..."

"आणि माझं फ्रिज!" महामायाचा आवाज चढला. "भाजीच्या खान्यात दोन सालापासून तिची ज्वारी. मी घेतलेलं फ्रिज. कोथिंबीर बाहेर सुकते आणि ज्वारी गारव्यात बसते!"

लुंबिनीला हसू आलं. तिनं पदर तोंडावर धरला. पण ज्ञानोबाला हसू आलं नाही. तो जमिनीवरून उठला.

"म्हंजे तुझ्याकडं बी हाय," तो भावाला म्हणाला.

"हाय, पण..."

"तिनं दिलं?"

"तिनंच दिलं. दोन साल झाले. म्हणाली, घर हाय, आग लागते, पाणी घुसतं. थोडं तिकडं असू द्या."

"मला न सांगता."

"दादा, ते महत्त्वाचं न्हाई आता. ते बी जुनं हाय. मिसळ हाय. त्यात सगळ्या ओळी हायत, चांगल्या आणि वंगाळ. वहिनीनं त्यातनं निवडून निवडून एक ओळ वेगळी काढली व्हती. ह्या उन्हाळ्यात तेवढीच पिंपात ठेवली. तेवढीच दळल्या गेली."

"मला न सांगता," ज्ञानोबा पुन्हा म्हणाला. "माझं रान. माझी बैलं न्हाईत, पण भाडं मी देतो. माझी बायको. आणि बी कुठं ठेवलं, कोणतं काढलं, कशासाठी काढलं, हे लातूरला म्हाईत, मला म्हाईत न्हाई."

मग आनंदराजही तापला. तो सहसा तापत नसे. केंद्रावर साहेबांपुढं मान खाली घालायची त्याला सवय झाली होती. पण आज त्याचीही वर्षं पिठात गेली होती.

"कशासाठी काढलं ते सांगू? ऐकायचं हाय? मी तिला सांगत व्हतो, वहिनी, टपोरं कणीस धरा. अशी एक ओळ निघाली व्हती, दादा, कणीस बघावं तर हाताएवढं. पाणी न्हाई, पाऊस न्हाई, तरी खाली पान हिरवं. केंद्रावर चाचणीला लावली असती तर माझं नाव झालं असतं. मी पुढच्या पेरणीला आलो, तर ती ओळच न्हाई! म्हणलं, वहिनी, कुठं गेली? म्हणाली, शेळीला घातली."

"शेळीला?" लुंबिनीनं विचारलं.

"शेळीला! म्हणलं, का? तर म्हणाली, तुमच्या दादांनी कडा ठेवल्या."

ज्ञानोबाला काही कळेना. "कसल्या कडा?"

"भाकरीच्या! तुमच्या फडक्यातल्या!" आनंदराज खाली बसला. आवाज उतरला. "दादा, ती जात्यावर दळायची, आठवतं का?"

आठवत होतं. गावात गिरणी असताना ही बाई उन्हाळ्याच्या तोंडावर, ज्वारी निघाली की, मूठमूठ ज्वारी जुन्या जात्यावर दळत बसायची. तो म्हणायचा, गिरणीला काय आग लागली? ती म्हणायची, बसल्या जागी हात हलतो.

"एकेका ओळीतलं कणीस घ्यायची," आनंदराज म्हणाला. "अर्ध्याचं बी ठेवायची, अर्धं दळायची. त्याची एक बारकी भाकर. तुमच्या शिदोरीत सगळ्यात वर ती ठेवायची. तिच्या काठाला बोटानं खूण करायची, कोणत्या ओळीची ते कळावं म्हणून."

ज्ञानोबाला ती बारकी भाकर दिसली. काठावर बोटाचे ठसे. कधी एक, कधी शेजारी दोन. त्याला वाटायचं, उरलेल्या पिठाची असेल. आणि संध्याकाळी घरी आलं की ती विचारायची, "वरची कशी व्हती?" तो म्हणायचा, "भाकर व्हती." दर वेळेला तेच. आयुष्यभर त्यानं दुसरं उत्तर दिलं नाही.

"तुमची दाढ गेल्यापासून तुम्हाला दुपारी गार झालेली भाकर चावत नव्हती," आनंदराज म्हणाला. "दगडीची भाकर सकाळी चांगली, दुपारी वहाणेगत. वहिनीला दुपारपर्यंत मऊ राहणारी पाह्यजे व्हती. बाकी कणीस किती मोठं, कडबा किती, ते मी बघावं. तिचं माप एकच. म्हणायची, ते तोंडानं सांगणार न्हाईत. सांगितलं तर नावाजतील नायतर नावं ठेवतील, खरं बोलणार न्हाईत. मी त्यांचं फडकं बघते. कडा उरल्या तर ओळ शेळीला."

ज्ञानोबा हातावरची राख बघत होता.

मग तो म्हणाला, "दवाखान्यात. मला च्याला धाडून. काय बोलत व्हता?"

"हेच."

"हेच म्हंजे काय? शब्द सांग."

आनंदराजनं लगेच सांगितलं नाही. ते शब्द त्यानं इतके दिवस कुणाला दिले नव्हते, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. त्याला ते द्यायचे नव्हते. भावाच्या पोटात जे होतं, तेच थोडंफार त्याच्याही पोटात होतं. ज्ञानोबानं ते आज पहिल्यांदा बघितलं.

"म्हणाली, भाऊजी, एक ओळ गावली. ह्या उन्हाळ्यात तिच्या भाकरीच्या कडा त्यांनी एकदाबी ठेवल्या न्हाईत. फडकं साफ."

महामाया खाली बसली. तिनं कुणाकडं बघितलं नाही.

लुंबिनीला मात्र दुसरंच काही सुचलं होतं. ती हळूच म्हणाली, "जलदानाच्या दिवशी तुम्ही मला म्हणाला, मामा."

"काय म्हणलो?"

"म्हणाला, पोरी, तुझ्या हाताला तिची चव आली. दोन भाकरी खाल्ल्या. अन्न गिळत नव्हतं तुम्हाला, तरी खाल्ल्या." ती दारातून आत आली. "मी सगळ्या आळीला सांगितलं ते. किनवटला मायला फोन करून सांगितलं. म्हणलं, मामांनी जन्मात कुणाच्या भाकरीला चांगलं म्हणलं न्हाई, माझ्या भाकरीला म्हणलं. आणि ते माझ्या हाताचं नव्हतंच."

ज्ञानोबाला ते आठवलं. पंगतीत त्याच्या पत्रावळीवर भाकर आली, आणि पहिल्या घासालाच त्याच्या डोळ्यांना पाणी आलं. शेजारचे म्हणाले, रडू द्या, मोकळं होऊ द्या. त्यानं जन्मात एकदा भाकरीला नावाजलं. ज्या बाईनं ती ज्वारी निवडून काढली तिला ते ऐकायला मिळालं नाही, आणि जिनं ऐकलं तिची ती नव्हती.

तेवढ्यात आनंदराजचा फोन वाजला. बजरंग होता, रानातून. त्याचा आवाज सगळ्या खोलीला ऐकू गेला. "ओ लातूरकर, बैलं इचारून राहिलेत, आज पेरणी हाय का पाहुणचार? माझ्या बैलांचा उपास मोडंल, पण तुमची ओल थांबत नसती!"

"येतो," आनंदराज म्हणाला.

पुढचं रान दुकानातून आणलेल्या पिशवीतल्या ज्वारीनं पेरायचं होतं; ते ठरलेलंच होतं. ते पेरून घेतलं. चाड्यावर मूठ लुंबिनीनं धरली. बजरंगला सगळं कळलेलं नव्हतं, पण काहीतरी झालंय हे कळलं होतं, आणि गप्प बसणं त्याच्या जिवावर आलं होतं. तिफणीच्या दोन फेऱ्या झाल्या आणि तो म्हणालाच, "सूनबाई, मूठ जरा आवळ. उगवल्यावर लोकं म्हणतील, ज्वारी पेरली का हरळी?" लुंबिनीनं मूठ आवळली. पुढं पुढं तिची ओळ बरी पडायला लागली. ज्ञानोबा बघत होता. नागुबाईची सर नव्हती, आणि तशी सर आली नाही याचं त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची लाज वाटली.

बजरंगनं बैलं टेकाडाकडं वळवली. "आता टोपीवालीची पट्टी ना?"

"न्हाई," ज्ञानोबा म्हणाला. "ती राहू दे."

"राहू दे म्हंजे? ओल उडल्यावर काय डोळ्याच्या पाण्यावर पेरता का?"

"बैलं सोड, बजरंग. खाऊन घे."

बोरीच्या सावलीत सगळे बसले. लुंबिनीनं फडकी सोडली. दुकानच्या ज्वारीची भाकर, सकाळची. पातळ वरण होतं, ठेचा होता. महामाया जरा लांब बसली. तिच्यापुढं कुणी भाकर सरकवली नाही, तेव्हा ज्ञानोबानंच अर्धी तोडून तिच्या हातावर ठेवली. तिनं घेतली, पण खाल्ली नाही.

"आनंदा," ज्ञानोबा म्हणाला, "तुझ्या फ्रिजातल्या बियात ती ओळ असंल का?"

"असंल. दुसऱ्या ओळींत मिसळलेली. वरून दाणा बघून कळायचं न्हाई. सगळं पेरायचं, फुलोऱ्याआधी पिशव्या घालायच्या, कणीस कणीस वेगळं ठेवायचं. आणि मग..." तो थांबला.

"आणि मग भाकरी करायच्या."

"हाव."

"किती हंगाम जातील?"

"ते तुमच्यावर हाय, दादा. मी कणीस बघू शकतो. कडा मला कळत न्हाईत."

हे म्हणताना त्याला त्रास झाला, आणि ज्ञानोबाला ते ऐकून थोडं थंड वाटलं. थोडंच. नागुबाईनं फडकं वाचलं, हे आता त्याला कळलं होतं. पण 'फडकं साफ' हे तिनं त्याच्यासमोर म्हणायला पाहिजे होतं. दवाखान्यातल्या त्या खाटेवरून, तो चहाला गेला नसता तर, कदाचित म्हणालीही असती. ते मात्र भावाच्या कानात गेलं आणि तिथंच राहिलं. ती गोष्ट फ्रिजातल्या बियासारखी परत मागता येण्यातली नव्हती.

"मी आत्ताच जातो गाडीनं," आनंदराज म्हणाला. "सकाळपर्यंत घेऊन येतो."

"तुम्ही न्हाई," महामाया म्हणाली.

सगळे तिच्याकडं बघायला लागले.

"तुम्ही इथंच थांबा. मी कंधारहून बस धरते. फ्रिज माझं हाय, मीच काढीन त्यातनं." ती उठली, लुगड्याची माती झटकली. "दोन साल ते खानं मी रोज उघडलं. ती पुडी रोज हाताला लागायची. एकदा कचऱ्याच्या डब्यापर्यंत नेली व्हती. परत ठेवली. का ठेवली, म्हाईत न्हाई. घाणेरडं मन झालं माझं त्या पुडीपायी. आता मीच आणते न्हाईतर मीच टाकते."

"महामाया!" आनंदराज उठायला लागला.

ज्ञानोबानं त्याचा हात धरून खाली बसवलं. "बस. जाऊ दे तिला."

"दादा, तुम्हाला कळतं का काय म्हणून राहिली ती?"

"तुझ्यापेक्षा जास्त कळतं." मग त्यानं महामायाकडं बघितलं. "आणशील?"

"उद्या कळंल, भाऊजी."

ती बांधाबांधानं सडकेकडं निघाली. ज्ञानोबाला तिचा भरवसा वाटला नाही. पण तिचा रागही आला नाही. या घरात इतकी वर्षं आपण एकटेच बांधावर उभे राहून त्या दोघांकडं बघतोय असं त्याला वाटायचं. लातूरला एक बाई फ्रिजचं दार उघडून तेच करत होती.

बजरंग बैलांना पाणी दाखवायला गेला. आनंदराज बायको दिसेनाशी होईपर्यंत सडकेकडं बघत राहिला. ज्ञानोबानं भाकर खाल्ली. मधली मऊ होती तेवढी खाल्ली. काठाशी आल्यावर त्याचा हात थांबला. त्यानं कडेचा एक तुकडा तोंडात घालून बघितला. चावेना. तो त्यानं काढून फडक्यावर ठेवला, शेजारी दुसरा ठेवला.

लुंबिनी समोर बसून ते बघत होती.

"कशी हाय भाकर, मामा?" तिनं विचारलं.

'भाकर हाय' हे त्याच्या ओठावर आलं होतं. त्यानं ते गिळलं.

"कडा चावत न्हाईत," तो म्हणाला.

लुंबिनीनं मान हलवली. तिनं फडक्याची चार टोकं धरून तुकडे आत घेतले, न झटकता, आणि फडकं आपल्याजवळ ठेवलं.

बी लातूरला होतं. टेकाडामागची पट्टी पेरायची राहिली होती.